स्कार्फची गाठ

"आज नाही," एवढंच तो म्हणाला आणि आल्या पावली परत फिरला.

शेडचं दार उघडायची वाट बघत मी धक्क्याच्या तोंडाशी उभी होते. पुरतं उजाडलं नव्हतं. समोरून पिवळ्या रबरी कपड्यांतले चार पुरुष बोटीकडे येत होते. पुढच्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि खांद्यावरचा दोर तसाच घेऊन वळला. मागच्या तिघांपैकी एकानंही का म्हणून विचारलं नाही. तेही वळले. बोट बांधलेली ती बांधलेलीच राहिली आणि मी डब्याची पिशवी धरून उभीच.

पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी गेलं असणार. मग वाटलं, माझ्या तोंडाला काही लागलंय. मग मात्र राग आला. सकाळी सकाळी माणसाचं तोंड बघून परत फिरायचं म्हणजे काय?

गावाचं नाव पोर्टनाग्लास. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर, पण बंदर म्हणायचं ते कौतुकानं. एक दगडी धक्का, एक चॅपल, दोन पब, बर्फाचा कारखाना आणि मासे साफ करायची शेड. माझे यजमान रघुवीर बर्फाच्या कारखान्यात यंत्रांवर होते आणि मी शेडमध्ये सुरी चालवत होते. आम्ही देवगडकडचे गाबीत, दर्यावर पोट असलेले. मासे कापायला मला कुणी शिकवावं लागलं नाही, थंडी सहन करायला तेवढं शिकावं लागलं.

परत फिरलेला तो पुढचा माणूस म्हणजे मॉसी हेगर्टी. बोट त्याची आणि शेडही त्याचीच. मॉसी हे नाव मी प्रथम ऐकलं तेव्हा हिंदीतली मावशी आठवून मला हसू आवरलं नव्हतं. पुढं तो सहा फुटी दाढीवाला गडी पाहिला आणि हसू आपोआप आवरलं.

खुलासा केला तो आमच्या शेजारणीनं. नॅन्स ही मॉसीची आई, सत्तरीच्या आसपासची, केस कापसासारखे पांढरे. तिच्या आणि आमच्या परसात कमरेएवढी दगडी भिंत होती आणि आमचं सगळं बोलणं त्या भिंतीवरून चालायचं. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण नॅन्सचं बोलणं मला 'तू'मध्ये ऐकू यायचं आणि तिच्या मुलाचं 'तुम्ही'मध्ये. इथं तसंच लिहिते.

"काय घातलंस डोक्यात?" तिनं विचारलं.

"मेंदी. गावाहून बहिणीनं पाठवली. केस पिकले ना."

नॅन्स हसत सुटली. भिंतीला धरून हसली. "अगं पोरी, दर्यावर निघालेल्या माणसाला लाल केसांची बाई दिसली, तर तो त्या दिवशी बोट सोडत नाही. माझ्या आजोबांच्या आधीपासूनचं आहे हे. अन् तू थेट धक्क्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिलीस!"

आमच्याकडे पन्नाशीच्या निम्म्या बायकांच्या डोक्यांवर हा रंग असतो. पांढऱ्या केसांवर मेंदी चढली की ती केशरीच होते. कुणी ढुंकूनही बघत नाही. पण या गावात लाल डोक्याची मी एकटीच, आणि तीही काळ्या वर्णाची. म्हणजे दुरूनसुद्धा चुकायला नको.

संध्याकाळी रघुवीरना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून बसले.

"शिरा पडांदे त्या मेंदीर! हय पण ह्याच? मगे आमी गाव सोडलव कित्याक?"

"माका काय ठावक? केस पांढरे झाले तर तुमकाच लाज वाटता."

"आता त्येच्या तोंडाक लागा नको. बर्फाचो कारखानो पण त्येच्याच बोटीर चलता."

खरं सांगायचं तर मला राग आला होता, पण नवल वाटलं नव्हतं. आमच्या घरी माझी एक विधवा आत्या होती. होड्या सुटायच्या वेळी ती दाराआड उभी राहायची. कुणी तिला तसं सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही. तिला ते ठाऊकच होतं. दर्यावर निघालेल्याला 'खय चल्लास' विचारायचं नाही, मागून हाक मारायची नाही. कुठंही जा, पळसाला पानं तीनच.

दुसऱ्या दिवशी मॉसी स्वतः दारात आला. हातात एक लोकरी स्कार्फ होता, निळा.

"मिसेस कोयंडे, तुमचं काम चांगलं आहे," तो म्हणाला. "पण बोटी बाहेर पडेपर्यंत हा बांधून या. झाकलेलं डोकं चालतं. ते न दिसल्यासारखंच असतं. नाहीतर मग येऊ नका."

"तुमचा खरंच विश्वास आहे यावर?"

"माझा नाही," तो म्हणाला, "पण बोटीवर माझ्याबरोबर टिम आहे, त्याचा आहे. अन् एकाचा असला की तो सगळ्यांचा होतो."

मी काळा रंग लावून मोकळी झाले असते. नाही लावला. हट्ट म्हणा. स्कार्फ मात्र बांधला, कारण नोकरी हवी होती. धाकट्या मुलाचं शिक्षण देवगडला चाललं होतं आणि ते माझ्या सुरीवर चाललं होतं.

त्या शरदात नॅन्सची आणि माझी गट्टी जमली. ती मला बंदराच्या गोष्टी सांगायची. हेरिंग मासळीच्या दिवसांत म्हणे इतक्या बोटी लागायच्या की या काठावरून त्या काठाला डेकवरून डेकवर उड्या मारत जाता यायचं. मीठ लावायला बायका दूरदूरच्या गावांतून यायच्या, बोटांना फडक्याच्या चिंध्या गुंडाळून पिंपं भरायच्या आणि गायच्या. मग हेरिंग गेली, बायका गेल्या, तरणी माणसं बॉस्टनला गेली. चॅपलच्या भिंतीवर बुडालेल्यांची नावं कोरलेली होती. ती तेवढी कुठं गेली नाहीत. मी कामाला जाताना रोज त्या भिंतीसमोरून जायची. त्यात एकाखाली एक अशी चार नावं एकाच तारखेची होती. पहिलं नाव कॉन हेगर्टी. नॅन्सचा नवरा.

त्याच्याबद्दल ती बोलत नसे. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं की ती धक्क्यावर कधी पाय ठेवत नाही. मुलाची बोट भरून आली तरी नाही. चॅपलच्या वळणापर्यंत यायची, तिथून परत.

"तुमचे केस पूर्वी कसे होते?" मी एकदा विचारलं.

"तुझे आत्ता आहेत तसे," ती म्हणाली. "पण मला मेंदी लागली नव्हती."

ऑक्टोबरातली गोष्ट. मी कामाला जायला स्कार्फ बांधत होते, तर नॅन्स खिडकीवर टकटक करत होती. अंगात घरातला झगा, पायात सपाता. भिंत ओलांडून आली होती, या वयात.

"बाहेर ये. ऐक."

मी परसात जाऊन उभी राहिले. समुद्राचा आवाज आमच्या घरात नेहमी डाव्या अंगानं यायचा, दीपस्तंभाच्या बाजूनं. त्या सकाळी तो उजवीकडून येत होता, मागच्या वाळूच्या पुळणीवरून, आणि जड येत होता. आम्ही त्याला गाज म्हणतो. गाज अशी फिरली की माझे वडील होडीची दोरी सोडत नसत.

"मॉसीला सांगितलंत?"

"काल रात्रीच. हसला. रेडिओवर आकाश स्वच्छ सांगितलंय म्हणे. आता घरातून निघाला असेल. निघालेल्याला मागून हाक मारता येत नाही."

"मग?"

तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. "तो धक्क्यावर पोचायच्या आत तू जा. स्कार्फ काढून जा."

मला कळलं ती काय मागतेय ते. "तुम्हीच का नाही जात?"

"पांढऱ्या केसांच्या म्हातारीला बघून कोण परततंय?"

"नॅन्स, माझी नोकरी जाईल."

"जाईल," ती म्हणाली.

नाही जाणार, मी बघून घेईन, असलं काही ती म्हणाली असती तर मी कदाचित गेले नसते. ती खोटं बोलली नाही. शिवाय गाज मीही ऐकली होती. मी वाकून बुटात पाय घातले आणि धावले.

चॅपलच्या पुढं गेल्यावर स्कार्फ सोडून खिशात कोंबला. ते चौघं समोरून येतच होते. टिम मला बघून जागच्या जागी थांबला.

"बांधा तो," मॉसी म्हणाला.

"नाही."

"मिसेस कोयंडे, मी एकदा सांगितलंय तुम्हाला."

"सांगितलंत. मी ऐकलंही."

तोवर टिम वळला होता. उरलेले दोघं त्याच्या मागं. मॉसी एकटा उभा राहिला, एकदा आकाशाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आकाश स्वच्छ होतं, हे मलाही दिसत होतं.

"उद्या येऊ नका," तो म्हणाला. "परवाही नको."

आता खरं सांगते. त्या दिवशी वारा आला नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा पडून होता. गावातल्या बाकीच्या बोटी बाहेर गेल्या आणि बांगडा भरभरून आणला. मी खिडकीत बसून दिवसभर त्या समुद्राकडे बघत होते आणि एखादी तरी लाट उठू दे म्हणून, देव मला क्षमा करो, वाट बघत होते. गाज दुपारपर्यंत आपल्या जागी परत गेली. कुठं दूर वादळ झालं असेल, आमच्याकडे आलंच नाही.

रघुवीर जेवायला घरी आले, पण जेवले नाहीत. "केलंस ता केलंस," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

चहाच्या सुमारास मॉसी आला. आत या म्हटलं तर आला नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मला फक्त एवढंच विचारायचंय," तो म्हणाला, "का?"

नॅन्सचं नाव घ्यावं असं मला वाटेना. आणि घेतलं असतं तरी काय सांगणार होते? तुमच्या आईला आवाज ऐकू आला म्हणून?

"मी तुमचा अपमान केला होता का? स्कार्फ दिला, त्याचा राग होता?"

"मी पाठवलं तिला."

नॅन्स मागं उभी होती. या खेपेला रस्त्यानं आली होती, कोट घालून, चॅपलला जाताना घालायची तो.

"आई, तू घरी जा."

"मी पाठवलं," ती पुन्हा म्हणाली. "कारण मागच्या वेळी मी गेले नव्हते."

मॉसीला काही समजलं नाही. मलाही नाही. ती आमच्या दाराजवळच्या बाकावर बसली आणि मुलाकडे न बघता समोर बघत बोलायला लागली.

"त्या सकाळी तुझा बाप बोटीकडे निघाला अन् मला आवाज ऐकू आला. मागच्या पुळणीवरून. तू पोटात होतास. मी स्कार्फ बांधला अन् निघाले. माझ्या डोक्याचा रंग सगळ्या गावाला माहीत, म्हणून सकाळी बाहेर पडायचं तर मी बांधूनच पडायची. चॅपलच्या वळणावर पोचले. तिथून ते चौघं दिसत होते. दोर सोडत होते. मला काही ओरडायचं नव्हतं, पळायचं नव्हतं. नुसती गाठ सोडायची होती. माझं डोकं दिसलं असतं तर ते परत फिरले असते, शिव्या देत का होईना."

"मग?" मॉसीनं विचारलं.

"गाठीवर हात ठेवला होता. अन् मनात आलं, वारा नाही आला तर? त्या आठवड्यात आधीच बोट बाहेर पडली नव्हती. सासू म्हणाली असती, लाल डोकं आणलं घरात अन् चूल विझली. मी नवी होते. मला त्यांच्या हसण्याची भीती वाटली, मॉसी. समुद्राची नाही वाटली. मी हात खाली घेतला अन् घरी आले."

रघुवीर आतून येऊन माझ्या मागं उभे राहिले होते. मॉसीनं डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरून उभा राहिला.

"मला कुणी सांगितलं नाही हे," तो म्हणाला.

"कुणाला माहीतच नव्हतं. मी सोडून."

मग तो एखाद्या लहान मुलासारखा म्हणाला, "पण आई, आज तर काही झालंच नाही."

"नाही झालं," नॅन्स म्हणाली. "अन् ते सांगायला तू इथं उभा आहेस."

मॉसी तिच्याजवळ बाकावर बसला. मी आत गेले आणि चहा टाकला, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. आम्ही तो चहा बाहेरच प्यायलो. जाताना मॉसी मला म्हणाला, "सकाळी या." जरा थांबून म्हणाला, "स्कार्फ तुमच्याकडेच आहे ना?" मी खिशातून काढून दाखवला.

दोन-तीन दिवसांनी नॅन्स भिंतीवरून म्हणाली, "तुझी ती हिरवी माती उरलीय का गं?"

"उरलीय. का?"

"माझ्या डोक्यात घाल."

मी तिला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळला आणि मेंदी चोपडली. वास तिला मुळीच आवडला नाही. शेणाचा वास येतो, म्हणाली. डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून दुपारभर बसली, आणि या अवतारात कुणी आलं तर दार उघडू नकोस म्हणून मला चारदा बजावलं. डोकं धुऊन केस वाळवले तेव्हा मी तिच्या हातात आरसा दिला. तिनं बघितलं. बघतच राहिली. मग आरसा पालथा घातला आणि खूप रडली. मी तिच्या खुर्चीमागं उभी राहून केस विंचरत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले, तर नॅन्सच्या वरच्या खोलीत दिवा होता. खिडकी उघडी आणि खिडकीत ती, डोकं उघडं. दिव्याच्या उजेडात ते लाल डोकं अर्ध्या गावातून दिसत असणार. खालच्या रस्त्यानं मॉसी आणि ते तिघं आले. टिमनं वर बघितलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"चला परत," तो म्हणाला.

"थांब जरा," मॉसी म्हणाला.

चौघं खाली उभे राहिले. नॅन्सनं मान वाकडी करून आधी डावीकडचं ऐकलं, मग उजवीकडचं. मग मांडीवरचा स्कार्फ घेतला, डोक्यावरून ओढला आणि हनुवटीखाली गाठ मारली.

"आता दिसतंय काही?" मॉसीनं टिमला विचारलं.

टिमनं विचार केला. "नाही," म्हणाला. आणि ते गेले.

त्यानंतर तो रिवाजच पडला. सुरुवातीला दुसऱ्या बोटींवरची पोरं हसायची, हेगर्टीकडे रेडिओ आहे की आई, म्हणायची. मॉसी ऐकून घ्यायचा. पण त्याची बोट नॅन्सनं गाठ मारल्याशिवाय सुटली नाही. मुळाशी पांढरं दिसायला लागलं की ती मला भिंतीवरून हाक मारायची आणि मी मेंदी भिजवायची. बहिणीला लिहिलं, जास्त पाठव, इथं गिऱ्हाईक वाढलंय.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी रस्त्यात असतानाच ते चौघं खिडकीखाली उभे होते. हवा कडक थंड पण निवांत. गाज नेहमीच्या जागी, मी मुद्दाम ऐकली. नॅन्सनं ऐकलं न ऐकलं केलं. स्कार्फ तिच्या मांडीवर होता. तिनं तो उचलला नाही.

मॉसी बराच वेळ वर बघत उभा राहिला. मग दोर खांद्यावरून उतरवला आणि भिंतीशी ठेवला.

त्या दिवशी वादळ झालं का, म्हणून मला लोक विचारतात. नाही झालं. बाकीच्या बोटी गेल्या आणि आल्या.

दुपारी मी नॅन्सकडे डोकावले. मॉसी स्वयंपाकघरात जमिनीवर पालथा पडून तिचा गळका नळ दुरुस्त करत होता. बटाटे उकडल्याचा वास येत होता.

"कुठं होता वारा?" मी हळूच विचारलं. "मला तर कुठंच ऐकू आला नाही."

"वारा नव्हता गं," नॅन्स म्हणाली. "आज ती तारीख."

चॅपलच्या भिंतीवरची तारीख. मी रोज तिच्यासमोरून जात होते.

मॉसी हात पुसत टेबलाशी येऊन बसला. नॅन्सचं डोकं उघडंच होतं. तिनं त्याच्या ताटात दोन बटाटे वाढले, जरा बघितलं आणि आणखी एक वाढला.